काचेच्या लिफ्टचं घर

“मग काय, भिंगरीचे बाबा, मजा आहे तुमची! काचेच्या लिफ्टच्या घरात राहायला जाणार म्हणे,” बालवाडीच्या बाई फाटकाशी म्हणाल्या, आणि लेकीच्या दप्तराचा पट्टा सरळ करणारा त्याचा हात होता तिथेच थबकला. भिंगरी तेवढ्यात हातातून निसटून आत पळालीसुद्धा. गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेलं हसू त्याने तोंडावर आणलं आणि म्हणाला, “अहो, छे! ते हॉटेल आहे, वाटेतलं. प्रवास लांबचा, पोरीला एका दमात झेपायचा नाही, म्हणून मधल्या शहरात मुक्काम करतोय. राहायला तर आम्ही तिच्या आईकडे चाललोय.” बाई म्हणाल्या, “अगं बाई, हो का? तिने काल सगळ्या वर्गाला आमंत्रण दिलंय. या म्हणाली माझ्याकडे, लिफ्टमधून तळं दिसतं, तळ्यात बदकं आहेत. मी म्हटलं, आणि आई? तर म्हणाली, आई तिकडे नसते, आईला काम असतं.” एवढं बोलून बाईंनी घडी केलेला एक कागद त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी रडक्या पोराकडे वळल्या. बाईंच्या बोलण्यात खवचटपणा नावालाही नव्हता. असता तर बरं झालं असतं. माणूस खवचटपणावर चिडू शकतो. साध्या बोलण्याचं काही करता येत नाही, ते आपलं जाऊन आत बसतं.

कागद त्याने कोपऱ्यावर येऊन उघडला. उंच पेटी, पेटीत आणखी एक छोटी पेटी, आणि त्या छोट्या पेटीत दोन माणसं, एक मोठं, एक लहान. दोघांनाही दोन दोन वेण्या. बाजूला तळं, तळ्यात इमारतीपेक्षा मोठी बदकं. आभाळात सूर्य होता, त्याला मात्र वेण्या नव्हत्या. हे बघून त्याला हसू आलं, आणि हसता हसताच त्याची नजर सवयीने रस्ता शोधायला लागली. नकाशांवर आयुष्य काढलेला माणूस चित्रातसुद्धा आधी रस्ताच बघतो. इमारतीपासून तळ्यापर्यंत एक तपकिरी वाट होती, चांगली ठसठशीत, खडू दोनदा फिरवलेली. तळ्याशी ती संपली होती. पुढे कागद भरपूर मोकळा होता, पण वाट नव्हती.

त्याचं काम वाटा आखायचं. ऑफिसात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, ‘नकाशा’ म्हणत. लांबच्या प्रवासाला निघालेली कुटुंबं त्याच्या टेबलाशी येऊन बसत आणि त्यातही ज्यांच्या कडेवर पोर असेल त्यांना साहेब न विचारता त्याच्याकडे धाडत. कारण वाट काय, कुणीही आखेल. मुक्काम आखणं हे खरं काम. पोराला घेऊन कुठे थांबायचं, किती थांबायचं, उतरल्यावर आधी आंघोळ की आधी झोप, खोलीची खिडकी रस्त्याकडे हवी की मागच्या अंगाला, दुपारी उन्हात बाहेर न काढता त्याला कशात गुंतवायचं, हे सगळं तो असं सांगे की ऐकणाऱ्या आईच्या खांद्यावरचा भार तिथेच, त्या खुर्चीतच उतरे. त्याची एक पद्धत होती. मुक्कामाचं ठिकाण कसं आहे ते तो आईबापांना आधीच पोराला सांगायला लावी. सहज नव्हे, चवीने, रोज थोडं थोडं. तिथे जिना कसा आहे, नळ कुठल्या बाजूला फिरतो, खिडकीतून काय दिसतं. “अनोळखी जागेत पोर रडतं ते जागेला घाबरून नाही,” तो म्हणे, “त्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून रडतं. ओळख करून द्या, मग बघा.” आणि खरंच, परत आलेली माणसं सांगत की काय जादू केलीत, आमचा गुंड्या खोलीत शिरल्या शिरल्या म्हणाला, हा बघा माझा नळ!

भिंगरीच्या बाबतीत त्याने हेच केलं होतं, आणि गिऱ्हाइकाचं करतो त्याच्या दसपट जीव ओतून केलं होतं. रोज संध्याकाळी तिच्या वेण्या सोडताना तो मधल्या शहराच्या गोष्टी सांगे. लिफ्ट काचेची आहे, वर जाताना तळं लहान लहान होत जातं. बदकांना पाव टाकायचा नाही, दाणे टाकायचे. खालच्या मजल्यावर एक आजोबा बसतात, त्यांच्या टेबलावर घंटी आहे, ती आपण वाजवायची, पण एकदाच. तिने विचारावं, दोनदा वाजवली तर? त्याने म्हणावं, तर ते दोनदा हसतील. असं करत करत ते शहर इतकं भरलं, इतकं गजबजलं, की आता ऑफिसच्या वाटेवर, हातात तो कागद घेऊन, त्याने आठवायचा प्रयत्न केला की आपण तिला पुढच्या घराबद्दल काय काय सांगितलंय. आईच्या घराबद्दल. आठवलं ते एवढंच की तिथे आई आहे. ते तर तिला माहीतच होतं. जिना, नळ, खिडकी, काही नाही. मुक्कामाने गाव गिळून टाकलं होतं, आणि हे दुसऱ्या कुणाच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्याला ज्या कामाची एवढी शाबासकी मिळत आली होती त्या कामातूनच ते झालं होतं.

शेजारच्या टेबलावर हॉटेलं ठरवणाऱ्या ताई बसत. ऑफिसात सगळ्यांत जुन्या, चष्मा दोरीला बांधलेला, आणि जीभ कशालाच न बांधलेली. तो खुर्चीत बसतो न बसतो तोच त्या म्हणाल्या, “आलास का? तुझ्या त्या हॉटेलवाल्याचा निरोप आलाय. तिसरी रात्र मिळतेय. तळ्याकडचीच खोली.” त्याने मान हलवली. “पहिल्यांदा एक रात्र होती,” ताई म्हणाल्या. “मग म्हणालास, पोर दमेल, दोन कर. आता तीन. पुढच्या आठवड्यात काय, तिथेच शाळेत नाव घालतोस का तिचं?”

“ताई, सकाळी सकाळी नको ना.”

“सकाळीच बोलते, दुपारी मला झोप येते. एक सांग, असं एखादं गिऱ्हाईक तुझ्यापुढे बसलं असतं, येईल तेव्हा मुक्काम वाढवणारं, तर काय विचारलं असतंस?”

ताईंनीच उत्तर दिलं. “तू विचारतोस ना नेहमी, लाडिगोडी लावून? पलीकडे कोण आहे, बरं? कुणाकडे जायचं जिवावर आलंय, सासऱ्यांकडे का? मग ते हसतात, आणि तू एक रात्र कमी करतोस.” त्या चष्मा नाकावर चढवून आपल्या कामाला लागल्या आणि थोड्या वेळाने, वर न बघता, आवाज उतरवून म्हणाल्या, “कळवू का त्याला तिसऱ्या रात्रीचं? का थांबू?” तो म्हणाला, “थांबा जरा.”

दुपारपर्यंत त्याने काम केलं, म्हणजे हाताने केलं. मन वेगळ्याच गावी होतं. ते कुठे म्हणून फिरलं नाही! लहानपणी वडिलांबरोबर केलेला एक प्रवास त्याला आठवला. कुठे चाललो होतो, कुणाकडे, कशासाठी, यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. आठवत होता तो मधला थांबा. गाडी बदलायची होती आणि दुसरी गाडी यायला अवकाश होता. फलाटाच्या टोकाला एक नळ होता, त्याचं पाणी इतकं गार की दात शिवशिवले. वडिलांनी आपला रुमाल भिजवून त्याचं तोंड पुसलं, मानेमागून, कानांच्या पाळ्यांमागून, आणि मग बाकावर बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. फिरतीची नोकरी असलेले वडील, घरी असले तरी निघायच्या बेतात असल्यासारखे, त्या बाकावर मात्र पूर्ण बसलेले होते. त्यांना कुठे जायचं नव्हतं, गाडीच आली नव्हती. त्यांच्या पोटातून येणारी बारीक गुणगुण त्याच्या कानाला मांडीमधून लागत होती. देवाचंच काहीतरी असणार, ते दुसरं काही गुणगुणत नसत. मग गाडी आली. पुढे वडील पुन्हा फिरतीवर गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. त्याच्या आयुष्यात वडील नावाचं जे काही होतं ते त्या दोन गाड्यांच्या मधे होतं. तेव्हा मुक्कामाची त्याला एवढी ओढ का, हे कुणी विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही स्वतःला आजवर सांगितलं नव्हतं.

मग आई आठवली. तिला गात गात कथा सांगणाऱ्यांचं वेड होतं. कुठे कुणी उभा राहून देवाची गोष्ट सांगणार असं कळलं की ती ह्याला घेऊन पुढच्या रांगेत जाऊन बसे. गोष्ट ऐन रंगात यावी, आता काय होणार म्हणून ह्याचा श्वास अडकावा, आणि नेमका तिथे सांगणारा थांबावा, डोळे मिटून एक ओळ धरावी, ती घोळवावी, पुन्हा घोळवावी, सगळ्यांकडून म्हणून घ्यावी. हा आईचा पदर ओढायचा, “पुढे सांग म्हण ना त्यांना.” आई टाळी न चुकवता वाकून म्हणाली होती, “अरे, गोष्टीत ऐकणाऱ्यांना टेकायला जागा नको का? नुसतं पळत राहिलं तर पोचेल कोण?” तेव्हा त्याला ते पटलं नव्हतं. पुढे पटलं, इतकं पटलं की त्यावर त्याने पोट भरलं. पण आज ताईंच्या टेबलावरचा शिक्का ठकठक वाजत असताना त्याच्या ध्यानात आलं की तो सांगणारा कितीही रंगला तरी ओळ सोडून परत गोष्टीकडे वळत असे. टाळ्या चालू असताना, लोक डोलत असताना, त्यालाही त्या सुरात राहावंसं वाटत असेल. तरी वळत असे. देवाला पलीकडे एकटं उभं ठेवून तो कधी गातच बसला, असं झालं नव्हतं.

बायको गेल्या थंडीच्या आधी तिकडे कामाला गेली. फिजिओथेरपिस्ट होती, पाय गमावलेल्या, कंबर मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणाऱ्या एका मोठ्या रुग्णालयात तिला जागा मिळाली, तिने सहा वर्षं वाट बघितलेली जागा. दोघांनी मिळून ठरवलं होतं, आधी ती जाईल, जम बसवेल, घर बघेल, मग हे दोघं. ‘काही आठवडे’ म्हणाले होते. मग कागदपत्रं अडली, मग घर मिळेना, मग भिंगरीला कांजिण्या आल्या. प्रत्येक कारण खरं होतं. खोटं एकही नव्हतं, आणि तरी ती सगळी खरी कारणं एकावर एक रचली की त्याची भिंत झाली होती. सुरुवातीला भिंगरी रात्री आईची उशी मागे. उशीला मलमाचा वास होता, बायकोच्या हातांना यायचा तो, कापराचा आणि आणखी कशाचा तरी. वास हळूहळू उडाला. उशी नुसती उशी झाली. पहिल्यांदा वेणी घालताना त्याच्या बोटांना घाम फुटला होता, भिंगरी ओरडली होती, “आई असं नाही करत!” आता ती तसं म्हणत नसे. आता बालवाडीतल्या आया विचारत, वेण्या कोण घालतं हो हिच्या, किती सुरेख! आणि त्याने “मीच” म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे येई ते त्याला आवडायला लागलं होतं. गोड खाऊन खाऊन जिभेला चटक लागावी तसं.

आणि फोन. तो विचार आला तेव्हा त्याने खुर्ची थोडी मागे सरकवली, जणू विचार टेबलावर होता. परवा फोनवर बायकोने भिंगरीला हाक मारली. भिंगरी आली, नीट उभी राहिली, हात मागे बांधले आणि म्हणाली, “बरी आहेस ना? जेवलीस का?” बायको हसून म्हणाली, “जेवले गं माझी आजी.” भिंगरी म्हणाली, “बरं. मग ठेवू?” त्याला तेव्हा कौतुक वाटलं होतं, केवढं समंजस पोर! आता तोच प्रसंग पुन्हा समोर उभा राहिला तेव्हा दिसलं की पोर आईशी सभ्यपणे वागायला लागली होती. त्याच्याशी ती सभ्यपणे वागत नसे. त्याच्या पोटावर उड्या मारी, ताटातलं पळवी, रागावली की ‘जा, मी तुझी नाहीच’ म्हणे. सभ्यपणा ती परक्यांसाठी ठेवी. शेजारच्या काकांसाठी, दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी. आणि आईसाठी. हे त्याने पाहिलं होतं, ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन ताईंना सांगितलं होतं की तिसरी रात्र मिळते का बघा.

म्हणजे, ज्याच्या भीतीने थांबायचं तेच थांबून वाढवायचं. असं वागणारं गिऱ्हाईक टेबलापलीकडे असतं तर त्याने ओळखलं असतं. स्वतः टेबलाच्या अलीकडे असल्यावर माणूस काय ओळखणार?

तो साहेबांना सांगून लवकर निघाला. बायकोची जेवणाची सुट्टी तेव्हा असे. रस्त्याच्या कडेला, एका मिटलेल्या दुकानाच्या पायरीवर बसून त्याने फोन लावला. तिने घेतला, मागे भांड्यांचा आवाज होता. “काय रे? बरं आहे ना सगळं? भिंगरी?”

“बरी आहे. बालवाडीत आहे. अगं, ती म्हणते आपण त्या हॉटेलातच राहायला चाललोय.”

भांड्यांचा आवाज दूर गेला. ती उठून बाहेर आली असणार. “कुणी सांगितलं तिला?”

“मीच. म्हणजे सांगितलं नाही. पण मी त्याचंच इतकं सांगत बसलो की... आणि मी तिसरी रात्र घेत होतो.”

“माहितीये,” ती म्हणाली. “तू परवा म्हणालास, पोरीला दगदग नको. मी बरं म्हटलं.”

“हो.”

“मी भांडायला हवं होतं. मी कशावरून भांडत नाही रे? दुधाच्या पिशवीवरून भांडते. पण ह्यावर भांडले नाही. का, माहितीये?” ती म्हणाली, “मला सुटल्यासारखं वाटलं. आणखी एक दिवस, म्हटलं. ती माझ्या दारात उभी राहणार, तुझ्या पायामागे लपणार, आणि तू म्हणणार, अगं जा, आई आहे. तो ‘अगं जा’ मला ऐकायचा नाहीये. इथे रोज माणसं माझ्यासमोर उभी राहतात, पाय लटपटत असतात, मी म्हणते पडा बिनधास्त, मी धरलंय. मला कोण धरणार, सांग ना?”

पायरीवरून एक मुंग्यांची ओळ चालली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. इतके महिने त्याला वाटत होतं की घाबरतोय तो एकटा, ती पलीकडे ठाम उभी आहे, घर मांडून, कमरेला पदर खोचून. “मला वाटलं तू रागावशील,” तो म्हणाला.

“रागावलेय ना! तू मला तिचे फोटो पाठवत नाहीस, तिच्या वेण्यांचे पाठवतोस. मागून. पोरीचं तोंड बघून किती दिवस झाले मला.” बोलता बोलता ती हसली आणि हसता हसता नाक ओढलं. “वेण्या चांगल्या घालतोस, मेल्या. माझ्यापेक्षा.”

तेव्हा त्याला ते सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, ते त्याच्या कामातलंच होतं, फक्त उलटं. तो म्हणाला, “तूच ये.”

“कुठे?”

“मधे. मुक्कामावर. हे बघ, तुझ्या घरी ती पाहुणी. नवी खोली, नवं अंथरूण, आणि तू यजमान. ती ‘बरी आहेस ना’ म्हणणार. पण त्या हॉटेलात तसं नाहीये. ते तिचं घर आहे, तिने ठरवून टाकलंय, सगळ्या वर्गाला आमंत्रण दिलंय. तिथे तू पाहुणी म्हणून ये. तिला तुला दाखवू दे सगळं. लिफ्ट, तळं, घंटी. मग तिथून पुढे तिघं मिळून जाऊ.”

“सुट्टी एकच मिळेल,” ती म्हणाली, “तीही भांडून.” मग म्हणाली, “आणि तिने नाहीच दाखवलं तर?”

“तर दोघंही बदकं बघू.”

“तू ना,” ती म्हणाली. “बरं. तीन रात्री नकोत. एकच. माझ्यात एका रात्रीपुरताच धीर आहे.” आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

भिंगरीला आणायला तो निघाला तेव्हा अंगात हलकेपणा यायला हवा होता, आला नाही. उलट एक रिकामपण भरलं. काम झालं होतं, चांगलं झालं होतं, आणि त्यात त्याचं स्वतःचं काहीतरी गेलं होतं. ती लिफ्ट त्याने दोघांसाठी बांधली होती. रोज संध्याकाळी एकेक काच बसवून, केसांतून कंगवा फिरवत. आता ती दारं उघडून तिसऱ्याला आत घ्यायचं. देवा, तो मनात म्हणाला, एवढंसं मन दिलंस आणि त्यात एवढी माणसं कोंबलीस. सगळी एका वेळी मावत नाहीत रे. आणि म्हणाल्यावर त्याला आपलीच लाज वाटली, कारण ते तिसरं माणूस म्हणजे भिंगरीची आई होती, आणि त्याची स्वतःची बायको, जिच्या हातांचा वास उडून गेला म्हणून एका रात्री तोही उशीत तोंड खुपसून बसला होता.

घरी आल्यावर भिंगरीने मोजे एकीकडे, दप्तर एकीकडे फेकलं आणि पलंगावर चढली. तो कडेला बसला. “भिंगरे, ते काचेच्या लिफ्टचं घर आहे ना, तिथे आपण एकच रात्र राहायचंय.”

“का?”

“मग तिथून पुढे जायचं. आईच्या घरी. तिकडेच राहायचं, कायमचं.”

तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला. “तू म्हणालास आपलं घर आहे.”

“मी तसं म्हणालो नव्हतो गं...”

“म्हणालास! माझी घंटी आहे म्हणालास! खोटारडा!” आणि ती पालथी पडून रडायला लागली, पाय आपटत, पोटातून. तो बसून राहिला. ती चुकत नव्हती. गिऱ्हाइकांच्या पोरांना रडू येऊ नये म्हणून त्याने केवढ्या युक्त्या शोधल्या होत्या. ह्या रडण्यावर एकही लागू पडेना. त्याने फक्त हात तिच्या पाठीवर ठेवला, तो तिने झटकला, त्याने पुन्हा ठेवला. रडणं ओसरून उचक्यांवर आलं तेव्हा तो म्हणाला, “एक रात्र तर आहे ना आपलं. एक रात्र घंटी तुझी. आणि त्या रात्री आपल्याकडे कुणीतरी येणार आहे.”

उचकी थांबली. “कोण?”

“आई. तिने ती लिफ्ट कधी पाहिलेली नाही. तिला तळं कुठेय तेही माहीत नाही.”

भिंगरी उठून बसली. केस विस्कटलेले, गालांवर ओल. एखादी बाई दारात पाहुणे आल्याचं कळल्यावर घरभर नजर फिरवते तशी ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. “ती बदकांना पाव टाकेल,” ती म्हणाली.

“टाकेल बहुतेक.”

“मी सांगेन तिला. दाणे टाकायचे.” मग कपाळाला आठी. “ती घाबरेल का लिफ्टमध्ये?”

“घाबरेल थोडी.”

“मी हात धरीन,” ती म्हणाली. सहज म्हणाली, पाणी दे म्हणावं तसं, आणि त्याने मान दुसरीकडे वळवून खिडकीचं दार नीट लावल्यासारखं केलं. खिडकी लागलेलीच होती. मागून तिचा आवाज आला, “बाबा, तिथे पलंग केवढा आहे?”

“आपला हा आहे तेवढाच.”

तिने पलंगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुडघ्यांवर चालून बघितलं. मधे आडवी झाली, हात पसरले, उठली. “तीन माणसं मावत नाहीत,” ती म्हणाली. “आई आणि मी मावतो.”

“आणि मी?”

“तू खाली झोप.”

“का बरं? मी कुठे वाईट आहे?”

“अरे, ती पाहुणी आहे!” ह्याला एवढंही कळू नये याचं तिला खरंच नवल वाटलं. “पाहुण्यांना खाली नाही झोपवत. तू घरचा आहेस ना. तू झोप खाली.”

त्याच्या छातीत कुठेतरी लागलं, आणि लागलं तिथेच ऊब आली, दोन्ही एकाच जागी, वेगळं करता येऊ नये असं. “जमेल का बघतो,” तो म्हणाला आणि खरंच पलंगाशेजारी फरशीवर आडवा झाला. फरशी गार होती. खालून पलंगाच्या फळ्या दिसत होत्या, एका फळीला कधीतरी चिकटवलेलं चांदणीचं चित्र होतं, ते कधी चिकटवलं, कुणी, त्याला माहीत नव्हतं. पलंगाच्या कडेवरून भिंगरीचं तोंड आलं, उलटं, सुटत चाललेल्या वेण्या लोंबकळत.

“टोचतंय का?”

“नाही.”

“खरं सांग.”

“थोडं.”

तोंड नाहीसं झालं. वर काहीतरी ओढाओढ झाली, आणि मग धप्पकन त्याच्या तोंडावर उशी येऊन पडली. “ही घे,” वरून आवाज आला. “झोप आता.” उशीखाली अंधार होता, तिच्या तेलाचा वास होता. त्याने उशी बाजूला केली नाही. श्वास नीट होईपर्यंत तो तसाच पडून राहिला, आणि वर भिंगरी आईला कुठल्या बाजूला झोपवायचं ते मोठ्याने ठरवत होती.